परबकाकांचे कण

समोरच्या परबकाकांच्या बांगड्याचा वास आला आणि तुम्ही चुकून 'वाः' म्हणालात, की संपलंच! काका झारा घेऊन दारात हजर. "वैनीनू, फुकट खाल्लात!"

वास म्हणजे काय, तर वस्तूचे कण. ते उडतात आणि आपल्या नाकात शिरतात. म्हणजे मी जेवढा वास घेतला तेवढा त्यांचा बांगडा कमी झाला! काका ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात स्टोअरकीपर होते. रिटायर होऊन आमच्या मुलुंडच्या सोसायटीत आले ते डोक्यात हे कण घेऊनच. भिंत म्हणजे कण, पाणी म्हणजे कण, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजेही कणच. "आणि मधे सगळा रिकामा, वैनीनू!" सेक्रेटरीच्या बाबतीत मला ते लगेच पटलं.

एकदा खालचं गटार तुंबलं. आमची जेवणं चालली होती. काका डोकावून आमच्या ह्यांना म्हणतात, "साहेब, वास येतोय ना? मग गटारातलं काय काय पोटात चाललंय, कळतंय ना?" ह्यांनी ताट सरकवलं. मी असली भडकले! "काका, तुमचे कण तुमच्याच घरात ठेवा," म्हटलं आणि धाडकन दार लावलं. संध्याकाळी बघते तर हा बाबा स्वतः बांबू घेऊन गटार मोकळं करतोय.

काकूंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांच्या साड्यांच्या कपाटाला कुलूप. कसर लागेल, डांबरगोळ्या तरी टाका म्हटलं, तर काका अंगावरच आले.

मग त्यांची लेक मंगल पहिल्या बाळंतपणाला आली. बाळाची दुपटी आजीच्या मऊ सुती साड्यांचीच हवीत, आणि शिवायची मी कबूल केली होती. मंगलने कपाटाची किल्ली मागितली.

"हरवली," काका म्हणाले.

"मग कुलूपवाल्याला बोलावते."

"नको! मी नवं कापड आणतो. भारीतलं आणतो."

मंगल रडायलाच लागली. "माझ्या बाळाला आईचं काहीच मिळायला नको का हो, बाबा?"

काका कपाटाला पाठ लावून खाली बसले. "चेडवा, तिचो वास आसा गो आत. उघडला की उडान जातलो. साड्ये धुतल्यार उरलोसुरलो पण गेलो. मगे माझ्याकडे काय रवला?"

मेल्या त्या कणांचा मला इतका राग यायचा, पण त्या दिवशी चिडवेना.

शेवटी तेच उठले. किल्ली करगोट्यालाच बांधलेली होती, ती सोडली. पंखा बंद केला, खिडक्या लावून घेतल्या. मला म्हणाले, "वैनीनू, नाक धरा." एरवी मी चार शब्द सुनावले असते. गुपचूप नाक धरलं.

"घे गो, पोटभर घे," ते लेकीला म्हणाले. "बाळाकपण पोचतला."

कुलूप उघडलं. मंगलने वरचीच साडी चेहऱ्याला लावली, "आई गं," म्हणाली आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

मी काकांकडे बघितलं. गाल फुगलेले, तोंड लालबुंद. मला वाटलं, रडू आवरतायत. पण नाही. लेकीच्या वाट्याचं कमी होऊ नये म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला होता.