दामूअण्णांचा राब

अक्षय्य तृतीयेला कडावमध्ये एका साखरपुड्याच्या पंगतीत दामूअण्णांनी भटजींना ग्राफिक्स प्रोसेसर समजावून सांगितला. जिलेबीवाला तोवर अण्णांच्या पानासमोर उभा होता.

"कळलं?" अण्णांनी विचारले.

"कळलं," भटजी म्हणाले. "आता त्याला पुढं जाऊ द्या."

दामूअण्णा माझे शेजारी. दोन म्हशी, थोडी भातखाचरं आणि एक मुलगी, सुषमा. ती बंगळुरूला चिप बनवणाऱ्या एका कंपनीत ग्राफिक्स विभागात काम करते. बायको गेल्यापासून अण्णा घरी एकटेच. सुषमा रोज फोनवर कामाचे सांगते आणि अण्णा ते सकाळी दुधाबरोबर गावात पोचवतात.

डेअरीवर दूध घालायला येणारा बाळू मुद्दाम काडी घालतो. "कंपनी सारका त्या चित्रांच्या चिपमधीच पैका का घालते वो? गेम खेळायला?"

"गेम तुज्या पोराला. तू भाताचं रोप काढायला राब किती जागी भाजतोस?" राब म्हणजे पालापाचोळा जाळून भाजलेला, रोपं वाढवायचा जमिनीचा तुकडा.

"एका."

"आन् लावनी?"

"समद्या खाचरांत."

"मंग! राब एकदा नीट भाजायचा. त्याच रोपाची एक मूठ फोनात, एक लॅपटॉपात, एक गाडीच्या पडद्यात, आन् एक त्या एआयच्या मोठ्या मशिनींत. एक खाचर बुडालं तरी बाकीची पिकतात. राबात काटकसर करतो काय रं कोन?"

ज्येष्ठ महिन्यात बातमी आली, की ती कंपनी ग्राफिक्स विभाग बंद करण्याच्या विचारात आहे. मी वर्तमानपत्रात नोकरी केलेली, म्हणून अण्णा रोज किटली घेऊन दारात.

"पक्कं हाय का?"

"नाही. सूत्रांच्या हवाल्याने आहे."

"सूत्रं म्हंजे आमच्या डेअरीवरचीच मानसं ना?"

त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो, तर आतल्या खोलीला नवा चुना लागला होता. खाटेवर कोरी मच्छरदाणी बांधलेली.

"सुषी बोलली, इभाग बंद झाला तर घरी येते. हितंच काय तरी बघते," अण्णा म्हणाले.

"मग बरंच की."

"बरं कसलं? राब मोडून मानसानं घरी यावं व्हय?" त्यांनी मच्छरदाणीची सैल दोरी ओढून घट्ट केली. "पन आलीच, तर मच्छर लय हायत."

डेअरीवर मात्र त्यांचे म्हणणे तेच राहिले. कंपनी विभाग बंद करणार नाही, करूच नये. बाळूने पैज लावायला हात पुढे केला, तेव्हा अण्णांनी त्यात रिकामी किटली दिली.

लावणी आटोपली त्या सुमारास कंपनीने जाहीर केले. विभाग राहणार, गुंतवणूक वाढणार. अण्णांनी डेअरीवर पेढे वाटले. बाळूला दोन दिले. "बग, कंपनीलाबी राब कळतो."

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. मच्छरदाणीची घडी काखेत धरून अण्णा माळ्याला शिडी लावत होते.

"भाऊ, धरा जरा. हलते."

मी शिडी धरली. त्यांनी घडी माळ्यावर ठेवली, खाली उतरले आणि म्हशींना पाणी दाखवायला गेले.