म्हाताऱ्या इंजिनाला जुलाब नको

आमच्या हर्सूलच्या कॉलनीत कुणाकडेही पाहुणा आला, की विश्वंभरकाका आधी त्याच्या गाडीची चौकशी करतात आणि मग त्याची. बॉनेट उघडायला लावतात, ऑइल मोजायची दांडी बाहेर काढतात, थेट नाकाशी नेतात आणि "ठीक हाय" किंवा "जळकट येतंय" असा निकाल देऊन पाहुण्याला आत सोडतात. माझ्या नणंदेचे यजमान एकदा या परीक्षेत नापास झाले. ते अजून आमच्याकडे रिक्षाने येतात.

गंमत म्हणजे काकांकडे स्वतःची फक्त सायकल आहे. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. तिथल्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून हे ज्ञान मिळालं, असं ते सांगतात. काकू गेल्या, मुलगा हैदराबादला असतो. "मी मजेत हाय," एवढंच स्वतःबद्दल बोलून ते विषय पुन्हा दुसऱ्याच्या रेडिएटरकडे नेतात.

मागच्या वर्षी माझी जुनी गाडी कुरकुरायला लागली. आईला दर आठवड्याला कन्नडहून इथल्या दवाखान्यात आणायचं आणि परत सोडायचं, ते सगळं या गाडीच्या जिवावर. एसटीत चढणं आईला आता जमत नाही. खुलताबादच्या चढावर गाडी धापा टाकू लागली, की मागच्या सीटवर आई डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची.

एका दुकानदाराने मला केमिकलचा डबा दिला. जुन्या ऑइलमध्ये तो ओतायचा, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, मग सगळं काढून नवं ऑइल भरायचं, की इंजिन आतून लख्ख. मी डबा घेऊन आले आणि फाटकातच काका आडवे आले.

त्यांनी इंजिनाचं झाकण उघडून दाखवलं. आत करपलेल्या दुधाच्या पातेल्यासारखा काळा, चिकट थर.

"पहिल्या मालकानं ऑइल वेळेवर बदललेलं नाय, ताई. हा गाळ एकदम सुटला तर खालच्या जाळीत जाऊन बसंल. ऑइल वर चढणार नाय, इंजिन जाम. म्हाताऱ्याला जुलाब देऊ नाय."

मी वाद घातला. समोरच्यांच्या गाडीला हेच केमिकल घातलं होतं आणि ती छान चालत होती. काकांनी ते लगेच मान्य केलं. त्या गाडीची निगा पहिल्यापासून नीट होती, तिला थोडा फायदाच झाला असेल, म्हणाले. "औषध वाईट नाय. पेशंट बघावा लागतो." मग माझा डबा जप्त करून त्यांनी सायकलची चेन धुतली. ती इतकी चकाकली की मला पुन्हा मोह पडला.

काकांचा उपाय संथ होता. साधं चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर घालायचा, आणि मुदतीच्या बरंच आधी दोन्ही बदलत राहायचं. गाळ थोडा थोडा निघून जातो. "घाई कुणाला हाय?" ते म्हणाले. घाई मला होती, पण आईला आठवून मी ऐकलं.

ऑइल बदलायचा रविवार असला, की काका इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच हजर. नईमभाईंच्या गॅरेजला जायचं आणि परत येऊन आमच्याकडे भाकरी-ठेचा खायचा. आई मुक्कामाला असली, की दोघं कन्नडच्या बाजाराच्या गप्पा मारत बसायची. गॅरेजला कुणी इस्त्रीचा शर्ट घालून जात नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

गाडी हळूहळू सुधारली. एकदा खुलताबादचा चढ चढताना मागे अगदी शांत वाटलं, म्हणून आरशात पाहिलं, तर आई गाढ झोपली होती. काकांचे उपकार कसे फेडावेत, या विचाराने माझे डोळे भरून आले.

गेल्या रविवारी नईमभाई मला हळूच म्हणाले, "बाजी, तेल तो कब का साफ है. कायकू बार बार बदलते?"

काका पाठमोरे उभे होते. दांडीवरचं ऑइल मधासारखं दिसत होतं. त्यांनी ते घाईघाईने फडक्याने पुसलं.

"अजून जरा काळपट हाय, ताई. आणखी एक डाव बदलावं लागंल." माझ्याकडे न बघताच ते म्हणाले.

"बदलायचं राहू द्या, काका."

त्यांचा हात फडक्यावरच थांबला.

"पण जुन्या गाडीचा भरवसा काय? दर रविवारी दांडी बघायला या. जेवायलाच या, म्हणजे निवांत बघता येईल."

काकांनी दांडी जागेवर घातली आणि बॉनेट हळूच लावलं. "व्हय. बघायला तर पाहिजेच," म्हणाले.

परतताना ते शेजारच्या सीटवर इंजिनाचा आवाज ऐकत बसले होते. घर जवळ आल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"ताई, ठेचा जरा कमी तिखट करत जा. मला लई तिखट झेपत नाय."

इतके महिने त्यांनी तो मुकाट्याने खाल्ला होता.