हद्दीबाहेरच्या गोगलगायी

कोणत्याही उपद्रवाचे निर्मूलन करायचे, तर आधी त्याची हद्द ठरवावी लागते. आमच्या खाडी-संरक्षण कार्यालयाने नेमके तेच केले, म्हणून त्याचे करावे तेवढे कौतुक थोडेच आहे.

झाले असे, की जहाजांच्या बुडाला चिकटून एक परकी समुद्री गोगलगाय आमच्या खाडीत आली आणि तळ ठोकून राहिली. एकीच्या पाठीवर दुसरी, दुसरीच्या पाठीवर तिसरी, अशा त्या बसतात. खालचीला हलता येत नाही, वरचीला हलायचे नसते. (आमच्या कार्यालयाशी असलेले साम्य हा निव्वळ योगायोग.) पाण्यातले अन्न त्या गाळून खातात आणि मागे चिखल सोडतात. त्यात शिंपल्यांतली कालवे गुदमरतात. कालवे काढून पोट भरणाऱ्या काकूंची टोपली अर्धीसुद्धा भरेना, तेव्हा त्या रडकुंडीला येऊन साहेबांपुढे बसल्या.

"साहेब, काहीतरी करा हो! माझं सगळं घर या खाडीवर चालतं."

साहेबांनी मोहीम काढली. होड्या आल्या, फावडी आली, पाहणी समिती आली, तिच्यावर देखरेख समिती बसली. गोगलगायी खरवडून, रीतसर वजन करून हद्दीच्या खुणेच्या तरंगत्या लाल पिंपापर्यंत नेल्या आणि पिंपापलीकडे जिवंत सोडल्या. पलीकडची खाडी दुसऱ्या कार्यालयाकडे येते.

"अहो, पण तिकडे माझी जाऊ कालवं काढते," काकू म्हणाल्या.

"मग बरंच झालं. घरातल्या घरात राहील."

काकूंनी जरा विचार केला. "तिला सांगू नका म्हणजे झालं."

जाऊबाईंनीही आपल्या साहेबांना हेच सांगितले होते, हे नंतर कळले. तिकडचे कार्यालयही कार्यक्षम आहे. त्यामुळे खाडीत होत्या त्याच्या चौपट गोगलगायी आम्ही काढल्या, असे अहवाल सांगतो. (त्यांतल्या काही आता होडीवाल्याला ओळखतात.) दोन्ही कार्यालयांचा सत्कार झाला.

कालवे मात्र दोन्हीकडची संपली. काकूंची टोपली पहिल्यांदा रिकामी आली, त्या दिवशी मला फार वाईट वाटले. पण कार्यालयाने वाऱ्यावर सोडले नाही. दोघी जावांना आपापल्या मोहिमेत रोजंदारीवर घेतले. रोज पिंपापाशी त्या भेटतात, होडीतूनच मुलाबाळांची चौकशी करतात आणि आपापली टोपली एकमेकींच्या हद्दीत रिकामी करतात.

तुम्हाला हसू आले असेल, तर खुशाल हसा. फक्त आज सकाळी दारापुढचा कचरा झाडत नेऊन तुमचा केरसुणीचा हात जिथे थांबला, ती जागा नेमकी कशी ठरवलीत, तेवढे कळवा. आमच्या साहेबांना अनुभवी माणसे हवी आहेत.