सत्तावन्न अंगठे आणि एक कडी

कुटुंब हा समाजाचा पाया आहे, हे सर्वमान्य आहे. पूर्वी हा पाया घराखाली असे. आता तो फोनमध्ये आल्यामुळे कुठेही नेता येतो. आमच्या कौटुंबिक ग्रुपवर अठ्ठावन्न सदस्य आहेत. (त्यांतले दोघे आमचे नेमके कोण, हे अजून ठरलेलं नाही. पण वाढदिवसाच्या शुभेच्छा तेच सर्वांत आधी देतात.) समाजशास्त्राचा प्राध्यापक म्हणून मी गेली तीन वर्षं या ग्रुपचं शास्त्रीय निरीक्षण करतो आहे.

ग्रुपचा कारभार धाकट्या आत्याकडे आहे. तिने घालून दिलेला 'दखल नियम' असा: कुणाचाही मेसेज आला की तासाभरात त्यावर अंगठा उमटलाच पाहिजे. अंगठा उमटला की कर्तव्य संपलं. पूर्वी नातेवाइकाची विचारपूस करायला अख्खी दुपार मोडायची. आता सरासरी दीड सेकंद लागतो, आणि चपला घालाव्या लागत नाहीत.

मंगळवारी सव्वाचारला आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मोठ्या काकांचा मेसेज आला. सोबत बंद दाराचा फोटो होता.

'गच्चीवर अडकलोय. जिन्याच्या बाजूनं कुणीतरी कडी घातलीय. काकू गावाला गेलीय. गॅसवर दूध आहे. कुणीतरी लवकर या.'

कुटुंब खडबडून जागं झालं. चार मिनिटांत एकोणतीस अंगठे! दंतवैद्य भाच्याने लिहिलं, 'मामा, मागचं आकाश काय सुरेख आलंय!' आत्याने लिहिलं, 'दादा, सावलीत बस. गच्चीच्या दाराबद्दल मी मागेच लिहिलं होतं, पण माझं कोण ऐकतं?' परदेशातल्या सूनबाईने हात जोडले. एका मेहुण्यांनी 'दूध उतू जाऊ नये म्हणून सात उपाय' पाठवले. (सातही उपायांसाठी दुधाजवळ असणं आवश्यक होतं.)

मग लोकशाही पद्धतीने मतदान झालं. 'कोणी जावं?' या प्रश्नावर एक्केचाळीस जणांनी 'जवळ राहणाऱ्यानं' हा पर्याय निवडला. मीही तोच निवडला.

काकांनी विचारलं, 'कुणाला फोन करू का?' (न विचारता फोन करणं आमच्याकडे उद्धटपणाचं मानतात.) त्यालाही एकोणीस अंगठे आले. काकांनी नेमका मलाच फोन लावला. मी तो उचलला नाही, कारण निरीक्षकाने मध्ये पडलं की निष्कर्ष बिघडतात. मात्र पुतण्या म्हणून मी काकांच्या पहिल्या मेसेजवर अंगठा दिला. तो सत्तावन्नावा होता. एकही माणूस मागे राहिला नाही! ऊर भरून आला माझा.

एवढ्यात काकांनी जुन्या माध्यमाचा आधार घेतला. ते कठड्यावरून ओरडले, "अरे ए प्राध्यापका! दूध करपलं की रे! ये ना वर!"

"आलो, आलो, काका!" मी खुर्चीतूनच ओरडलो आणि वेळ टिपून ठेवली.

माझी बायको आमच्या ग्रुपवर नाही. ('म्हणजे नक्की काय करायचं ठरलं?' असं तिने एकदा विचारल्यामुळे आत्याने तिला काढून टाकलं.) ती आतल्या खोलीत पडद्याला टीप घालत होती. तिने मशीन थांबवलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वर गेली. कडी काढायला आणि गॅस बंद करायला तिला मिळून दोन मिनिटं लागली. पातेलं मात्र कामातून गेलं.

"कडी कुणी घातली होती गं?" काकांनी जिन्यातच विचारलं.

कडी मीच घातली होती. दार वाऱ्याने आपटत होतं आणि माझा 'डिजिटल माध्यमांमुळे वाढलेली कौटुंबिक जवळीक' हा निबंध शेवटच्या परिच्छेदावर अडला होता. काकांनी रागाच्या भरात ग्रुपवर 'सुटलो' असं लिहिलं. त्यावर पंचावन्न अंगठे आले. दोघांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

निबंध आता पूर्ण होत आला आहे. फक्त एक नोंद राहिली होती, तीही आजच मिळाली. हे वाचत असताना मघाशी तुम्हाला आतून कुणीतरी हाक मारली. तुम्ही मान वर न करता "हो, आलोच" म्हणालात. तुमचा क्रमांक अठ्ठावन्न.