कलमकाकांचं काचेचं कवच

"आज त्या चेटकिणीने माझ्या टोपीचा गोंडा जरी हलवून दाखवला, तर नाव बदलीन," असं कलमकाकांनी खुर्चीत बसायच्या आधीच जाहीर करून टाकलं.

नाव बदलायला ते त्यांचं खरं नाव नव्हतंच म्हणा. विमा कंपनीत जन्मभर लोकांचे दावे तपासले, बारीक अक्षरातलं कलम दाखवून भल्याभल्यांना परत पाठवलं, म्हणून ते कलमकाका. निवृत्तीनंतर कलमं लावायची कुणाला? तर घरच्यांना.

लेक शाळेत असताना फासे टाकत गोष्ट रचायचा हा खेळ घरात आला, तो तिचं लग्न झालं तरी गेला नाही. रविवारी दुपारी ती माहेरी यायची, जेवणाचं टेबल पुसून फासे मांडायची. गोष्ट ती सांगणार, संकटं ती आणणार. काकांचा जादूगार आणि काकूंची वैद्यीण त्यातून वाट काढणार. प्रत्येक पात्राची माहिती एका कागदावर लिहिलेली; पात्र बाद झालं की तो कागद फाडायचा. काकांचा जादूगार कधीच बाद झाला नव्हता; त्याचा जीर्ण कागद चिकटपट्ट्यांवर तगून होता. कोपऱ्यात लेकीने लहानपणी काढलेली त्याची वाकडी टोपी होती.

"चेटकीण दगड फेकतेय," लेक म्हणाली, "आणि गातेय. गाणं ऐकेल तो मेला."

"वैद्यीण झाडामागे पळाली, कानात बोटं घालून," काकू म्हणाल्या.

"पळा. मी दोन मंत्र एकदम टाकतो. काचेचं कवच, म्हणजे दगड आत येणार नाहीत. आणि कवचाच्या आत मौनमंत्र, म्हणजे गाणं ऐकू येणार नाही. दोन नियम जोडता आले पाहिजेत माणसाला."

"बाबा, नक्की ना?"

"तू पाळण्यात होतीस तेव्हापासून नियम वाचतोय मी."

चेटकीण गाऊन गाऊन घसा बसवून निघून गेली. काका नवरदेवासारखे ऐटीत मागे रेलले.

"आता कवच काढायचं," लेक जरा चाचरत म्हणाली, "तर मंत्र मोठ्याने म्हणावा लागतो. पण आत आवाजच निघत नाही. आणि मौन काढायचं, तर तेही बोलूनच."

काकांनी तोंड उघडलं.

"अहो, थांबा," काकू म्हणाल्या. "पात्राला वाचा नसेल तर खेळणाऱ्यालाही नाही. बोललात की पात्र बाद. कुणाचं कलम हे?"

काकांचंच. मागे काकूंची वैद्यीण दगड झाली, तेव्हा त्यांनी ते घातलं होतं. काकूंनी पेन्सिल उचलली तर 'लिहूनही नाही' हे उपकलम, शेजारीण आली तर 'दारात कुणी आलं तरी नाही' हे दुसरं. काकू अख्खी संध्याकाळ गप्प बसल्या होत्या. खुणांवर बंदी घालायला तेवढे काका विसरले होते.

"आई, तुझ्याकडे मोडमंत्र आहे. कवच बाहेरून मोड ना."

"मोडते की. जरा दम खाऊ दे माझ्या वैद्यिणीला."

तेवढ्यात बेल वाजली. रंगारी. हातात शेडकार्ड.

"साहेब, हॉलचा रंग आज सांगा बघू. डबे घ्यायला चाललोय."

या हॉलवरून घरात कित्येक महिने धुमसत होतं. काकांना पांढरा हवा होता, काकूंना पिवळा. काकांनी घाईघाईने आपल्या डोक्याकडे बोट दाखवलं.

"केसांना? ते काम मी नाही करत, साहेब."

काकांनी फ्रिजकडे हात केला.

"गार पाणी द्या म्हणतायत," काकू म्हणाल्या आणि रंगाऱ्याला पाणी दिलं.

काकांनी बनियन ओढून दाखवलं.

"साहेबांना उकडतंय का हो?" रंगाऱ्याने हळूच लेकीला विचारलं. लेक फाशांची डबी तोंडासमोर धरून हसत होती.

"हे बघा," काकू म्हणाल्या, "मी सरळ विचारते. हॉल पिवळा. कुणाची हरकत असेल तर आत्ता बोला."

पंख्याची करकर त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आली. काकांनी भिंतीकडे पाहिलं. मग कागदाकडे पाहिलं, चिकटपट्ट्यांकडे, वाकड्या टोपीकडे. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी ते दाबून धरलं.

"हरकत नाही म्हणतायत. घ्या पिवळा."

रंगाऱ्याच्या मागे दार लागलं, तशी काकूंची वैद्यीण टुणकन उठली. फासा पडला, कवच फुटलं, मौन संपलं. आता बाबा घर डोक्यावर घेणार म्हणून लेकीने कानांवर हात ठेवले. काका खाकरले.

"चेटकीण गेली की नाही शेवटी?" एवढंच म्हणाले आणि जादूगाराचा कागद घडी करून खिशात ठेवला.

हॉल झाला. येणारे जाणारे रंगाचं कौतुक करतात. काका सोफ्यावर रेलून सांगतात, "सर्वानुमते ठरलाय. एकानेही हरकत घेतली नाही."

काकू तेव्हा काहीच बोलत नाहीत, आणि त्यांच्यावर तर कुणी कसला मंत्रही टाकलेला नसतो.