एकनाथरावांचं प्रेशर

नल्लकुंट्याच्या एकनाथरावांना आजारसुद्धा रुबाबदार लागे. पस्तीस वर्षं महसूल खात्यात फायली दाबून रिटायर झालेला माणूस, सर्दी-पडशासारख्या फुटकळ दुखण्यात त्यांना काय रस? मुलाने, अजयने, प्रेशर मोजायचं मशीन आणून दिलं तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "आता रोज सकाळी नोंद होणार. पूरा रेकॉर्ड."

घोडं अडलं ते पट्ट्यापाशी. तो एकनाथरावांच्या दंडाला पुरेना. ओढूनताणून बसवला तर मशीन नुसतं 'एरर' दाखवी. पण नोंद चुकवतील तर ते एकनाथराव कसले! त्यांनी बायकोला हाक मारली.

"कुसुम, हात दे इकडं."

"माझा कायकू?"

"चौतीस वर्षं एका घरचं मीठ खातोय आपण. प्रेशर वेगळं कसं असेल?"

पट्टा कुसुमताईंच्या दंडाला बसला आणि आकडा डायरीत एकनाथरावांच्या नावावर चढला. वरचं एकशे सत्तर, खालचं शंभर. एकनाथराव धन्य झाले.

डायरीचे फोटो पाहून ओळखीतल्या एका डॉक्टरने फोनवरच गोळी सुरू केली. घरात संचारबंदी लागली. त्यांना बिनमिठाचं वेगळं जेवण, वेळेवर गोळी, झोप लागेपर्यंत तळपायाला तेल. हे सगळं अर्थात कुसुमताईंनी करायचं. त्यांचं डोकं ठणके, जिना चढताना धाप लागे, पण घरात पेशंटची जागा एकच होती आणि ती भरलेली होती. आकडा वाढला की एकनाथराव डोस वाढवून घेत.

मग मराठी मंडळात त्यांनी 'रक्तदाब, कारणं आणि परिणाम' या विषयावर भाषण ठेवलं.

"चिंता, जागरण, आरडाओरडा," ते गरजले, "यांनी रक्तवाहिन्यांवर ताण येतो. हृदय थकतं, किडनी बिघडते, नजर जाते, आणि एक दिवस माणूस..." एवढं बोलून ते व्यासपीठावर आडवे झाले. लोकांनी प्रात्यक्षिक समजून टाळ्या वाजवल्या.

श्रोत्यांत डॉक्टर प्रियदर्शिनी होत्या. त्यांनी बॅगेतला मोठा पट्टा लावला.

"नव्वद, साठ. तुम्हाला हाय बीपी आहे म्हणून कुणी सांगितलं?"

"डायरीत आहे ना."

"आणि मोजलं कुणाच्या हातावर?"

एकनाथरावांनी पडल्यापडल्या बायकोकडे बोट दाखवलं. कुसुमताईंना पट्टा लावला आणि डॉक्टरांचा चेहरा बदलला. एकशे चौऱ्याण्णव, एकशे बारा.

"ताई, आत्ता दवाखान्यात चला. भाषणातलं सगळं तुम्हाला होणार होतं."

एकनाथराव आयुष्यात पहिल्यांदा खरोखर घाबरले.

चार दिवसांनी कुसुमताई घरी आल्या. एकनाथरावांची आरामखुर्ची त्यांना मिळाली, गोळीही मिळाली आणि डायरीवर त्यांचं नाव चढलं. एकनाथरावांनी 'कारण' असा एक नवा रकाना आखला. मीठ? लोणच्याची बरणी तर चोरून ते स्वतःच संपवत आले. आनुवंशिक? सासूबाई नव्वदीत ठणठणीत. जागरण? ते कुणाच्या पायांमुळे, हे आठवून पेन अडलं. अखेर जुन्या सवयीने त्यांनी शेरा मारला, 'चौकशी चालू आहे.'

कुसुमताईंनी तो वाचला. "हौ का? आणि चौकशी अधिकारी कोण?"

"मीच की."

"मग अहो, आणखी एक गोळी द्या."