काकाजींचा देश आणि काकूंचं विरजण

पंधरा ऑगस्टला रायपूरच्या आमच्या चौबे कॉलनीत भास्करकाकाजींना शुभेच्छा द्यायला कोणी धजत नाही. चुकून दिल्याच, तर ते आपला हात घट्ट धरतात आणि विचारतात, "कोणत्या देशाच्या?"

मग सुटका नाही. "मी पैदा झालो तेव्हा आपल्या राज्याची राजधानी नागपूर. शाळेत गेलो तर भोपाळ. नोकरीत होतो तर रायपूरच राजधानी होऊन बसलं. मी तर घर सोडलं नाही, राजधान्याच फिरून राहिल्या! नोटा बदलल्या, कायदे बदलले, तेव्हाची माणसं गेली. मग देश तोच काहून?"

"मग दुसरा म्हणा," मी एकदा वैतागून म्हणालो.

"दुसरा काहून? माझी पेन्शन तर चालूच आहे नं!"

त्या दिवशी घरी येऊन मी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला आणि तासभर शोधत बसलो. काकाजींशी बोलून आलं की असंच होतं. डोकं ताकासारखं घुसळून निघतं आणि लोणी काही हाती लागत नाही.

काकाजी घरात एकटेच. काकूंना जाऊन काही वर्षं झाली. काकूंनी लग्नानंतर भंडाऱ्याहून, माहेरून, विरजण आणलं होतं आणि तेच शेवटपर्यंत चालवलं. आता काकाजी रोज दूध कोमट करतात, बोट बुडवून पाहतात आणि दह्याच्या गडव्यात कालच्या दह्याचा चमचा घालतात. जगातल्या सगळ्या गोष्टींवर शंका घेणारा हा माणूस त्या गडव्यावर मात्र कधी शंका घेत नसे.

यंदा चौदा तारखेला मी सहज चिडवलं, "काकाजी, दूध तर रोज नवं. मग दही तेच काहून?"

त्यांनी कपाळावर हात मारला. मग एकदम ओरडले, "अबे, सापडलं! देश म्हणजे दही! उद्या सगळ्यांनी माझ्याकडे कढी प्यायला या. सिद्ध करून दाखवतो."

झेंडावंदन झाल्यावर सगळी गल्ली लोटली. काकाजी हातात डाव घेऊन व्याख्यान देत होते. "दूध रोज नवं, पण दही तेच! समजून राहिलं का?" कोणाला काही समजलं नाही, पण कढी झकास होती. लोक पुन्हा पुन्हा मागत होते आणि काकाजी भरभरून वाढत होते.

संध्याकाळी ते आमच्या दारात उभे होते. हातात गडवा, तोही घासूनपुसून लख्ख.

"विरजणाला ठेवायचं राहून गेलं," ते म्हणाले. "समदं कढीत घातलं मी. तुझ्या काकूचं होतं बे ते."

आणि ते मटकन सोफ्यावर बसले. एवढी वर्षं ज्यांच्या प्रश्नांना मी कंटाळलो होतो, त्यांनी आता एखादा प्रश्न विचारावा असं फार वाटलं.

माझी बायको सुनीता आत गेली आणि वाटी घेऊन आली. "काकाजी, आम्ही इथं राहायला आलो नं, तेव्हा काकूंनीच मले विरजण दिलं होतं. तेच लावून राहिले मी." काकूंनी गल्लीत किती घरी विरजण दिलंय, हे काकाजींच्या गावीही नव्हतं.

ते वाटीकडे बघत राहिले. "पण दूध तर तुमच्या घरचं..."

मी तोंड उघडणार, तोच सुनीतानं डोळे वटारले. काकाजींनी करंगळी बुडवली, जिभेवर टेकवली. त्यांचे डोळे भरून आले.

"तेच आहे," ते म्हणाले. "काहून, ते मले विचारू नको."

वाटी हातानं झाकून ते निघाले. मला राहवेना. "मग काकाजी, देशाचं काय?"

"थांब नं बे," ते न वळताच म्हणाले, "आधी दूध तर कोमट करू दे."